नाव काढायचं नाही

१४ सप्टेंबर

दादा,

तुझा पत्ता आत्याकडून घेतला. तुझ्या जुन्या नंबरवर आधी तीनदा फोन केला. तो नंबर आता एका बाईंकडे आहे. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा दादा मी लपवून ठेवलेला नाही हो." म्हणून कागद.

कामाचं आधी. दुकानातल्या कॉम्प्युटरची मोठी डिस्क मंगळवारी गेली. त्याआधी दोन दिवस टकटक आवाज येत होता. बाबांना वाटलं शेजारी कुणीतरी खिळे ठोकतंय. मशीन जिच्यावर सुरू होतं ती छोटी डिस्क ठीक आहे. फर्म्यांची यादी मोठीवर होती. मी ती दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने कानाशी धरली, हलवली आणि परत दिली.

"मॅडम, यातून आता काही निघत नाही. बॅकअप असेल ना?"

मी आहे म्हणाले.

तसा आहे. तू कपाटामागे लावलेली बाहेरची डिस्क चालू आहे, तिचा दिवाही लागतो. तिच्यावरची शेवटची प्रत ९ फेब्रुवारीची आहे. यंदाच्या नव्हे, तू गेलास त्या फेब्रुवारीची. म्हणजे रोज दुपारी दीड वाजता आपोआप होणारा बॅकअप दोन वर्षं सात महिने एकदाही झालेला नाही. आणि जी प्रत आहे तिला पासवर्ड आहे. तो तुलाच माहीत आहे.

भिंतीवर आज सहाशे बारा जोड फर्मे आहेत. सहाशे बारा माणसांचे लाकडी पाय, ज्यांवर बाबा त्यांचे जोडे बांधतात, आणि प्रत्येकावर फक्त नंबर. तू गेल्यावरही बाबांनी नंबरच पाडले आणि ते सांगतील ती नावं मी यादीत चढवली. नावं पुन्हा लिहायला घेतली नाहीत. का, ते मी विचारलं नाही. कुठला नंबर कुणाचा, आणि त्या माणसाची टाच किती मिलिमीटर उचलायची, हे सगळं यादीत होतं. दुसरीकडे कुठेही नाही.

बाबांच्या डोळ्यांबद्दल आत्याने तुला सांगितलं असेल. समोरचं दिसतं, कडेचं जवळजवळ नाही. जूनमध्ये एका बाईंच्या पायाचं माप चार मिलिमीटरनं चुकलं, तेव्हापासून ते नवं माप घेत नाहीत. असलेल्या फर्म्यावर जोडा बांधणं मात्र अजून हाताला जमतं. म्हणजे दुकान चालायचं तर या जुन्या फर्म्यांवरच. आणि फर्मा कुणाचा ते माहीत नसेल तर ते नुसतं लाकूड. काल बाबांनी विचारलं, "एवढं लाकूड कोण घेईल गं?" मी म्हटलं, चौकशी करते. दुसरं काय म्हणणार?

पासवर्ड कळव. बाकी काही लिहायची गरज नाही.

— धाकटी


२३ सप्टेंबर

दादा,

उत्तर आलेलं नाही. पत्राला किती दिवस लागतात ते मला माहीत नाही, त्यामुळे यातून काही निष्कर्ष काढत नाही.

दरम्यान बॅकअप का थांबला ते शोधते आहे. प्रयोगशाळेत एखादा काटा चुकू लागला तर काट्याला दोष देण्याआधी आम्ही टेबल सपाट आहे का ते बघतो. तसंच इथे केलं.

वेळ तपासली. दीडला मशीन चालूच असतं, कारण बाबा जेवायला वर गेले तरी ते बंद करत नाहीत. मशीन झोपत असेल म्हणून थांबलं का, ते बघितलं. तू त्याला कामापुरतं जागं करायची खूण करून ठेवली होतीस. बाहेरच्या डिस्कला मशीनने दिलेलं अक्षर बदललं असेल अशी शंका होती, कारण मध्यंतरी मी दुसऱ्या दोन डिस्क लावल्या होत्या. अक्षर तेच आहे. जागा भरपूर आहे. मग बॅकअप हाताने सुरू करून बघितला. सुरूच होईना. त्याला सुरुवात करणारा कुणी नव्हता.

'हे काम कुणाच्या नावाने चालवायचं' असा एक रकाना असतो. तिथे तुझं नाव हवं होतं. त्या जागी एक लांबलचक आकडा आहे. मशीनवरून एखाद्याचं खातं काढून टाकलं की नाव जातं आणि मागे असा आकडा उरतो. काम रोज दीडला उठायचं, आपल्या माणसाला हाक मारायचं आणि उत्तर आलं नाही की पुन्हा झोपायचं.

काम फसलं तर मेल यावी अशी सोय तू केली होतीस. ती सोय त्या कामाच्या पोटातच होती. जे सुरूच होत नाही, ते फसलं असं कळवणार कोण? म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही.

थोडक्यात, तुझं खातं काढलं गेलं आहे. कधी आणि कसं, ते नोंदींत मिळेल. जुन्या नोंदी पुसल्या जातात. बघते.

आत्याचा फोन आला होता.

"काय गं, लिहिलंस का त्याला?"

"लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"डिस्क गेली म्हणून."

"डिस्क! अगं भाऊ गेला त्याला अडीच वर्षं झाली, तेव्हा एक ओळ नाही. डिस्क गेली तर लगेच पत्र?"

"आत्या, कामाचं होतं."

"तुम्हां तिघांना देवाने तोंडं दिली ती नुसती जेवायला. आणि जेवता तरी का एकत्र?"

आम्ही एकत्र जेवत नाही. बाबा साडेसातला जेवतात, मी आठला. तसं काही ठरवलेलं नव्हतं. ते ताट धुऊन पालथं घालतात, मग मी माझ्या वरच्या खोलीतून खाली जाते. स्वयंपाकघरातला दिवा कुणीच बंद करत नाही, त्यामुळे आत कुणीतरी असेल असं दर वेळी वाटतं.

पासवर्डची वाट बघते.

— धाकटी


१ ऑक्टोबर

दादा,

मागच्या पत्रात लिहिलं की खातं 'काढलं गेलं'. ते वाक्य बरोबर नव्हतं. नोंदी बघायचीही गरज नव्हती. खातं मी काढलं. १० फेब्रुवारीला, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी.

तू घर सोडलंस त्याची दुसरी सकाळ.

आदला दिवस तुला आठवत असेल, तरी मला कसा आठवतो ते लिहिते. बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात होते. तेवढ्यात तू पाचशेवर फर्म्यांवरची पेन्सिलीने लिहिलेली नावं पॉलिश पेपरने घासून काढलीस, नंबर ठोकलेस आणि यादी मशीनमध्ये घातलीस. पहिले दोन दिवस मीही तुला नावं वाचून दाखवली. हे बाबांना मी कधी सांगितलं नाही. काही फर्म्यांवर नावापुढे आणखी काही लिहिलेलं असायचं. 'घाई करतात.' 'डावा दुखतो पण सांगत नाही.' ते यादीत कुठे घालायचं, मी विचारलं. तू म्हणालास, त्याला रकाना नाही.

बाबा आले. डोळ्यावर पट्टी होती, म्हणून हाताने चाचपत होते. तिसऱ्या फर्म्यावर हात थांबला.

"गुळगुळीत का लागतंय? नावं कुठायत?"

"कॉम्प्युटरमध्ये. नंबर सांगा, दोन सेकंदांत माणूस सापडेल."

"माझा माणूस कधी हरवलाच नव्हता."

"बाबा, सहाशे होतील उद्या. तुम्हाला दिसायचं कमी झालं की कोण वाचणार तुमचं अक्षर?"

"माणसांची नावं काढलीस तू. मला न विचारता. मग असं कर, कपाळावर एक नंबर ठोकून घे आणि नीघ."

तू निघालास. मी दारात उभी होते. तू मला म्हणालास, "वाटेतून बाजूला हो." एवढंच. मी झाले.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "या घरात यापुढे त्याचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन लावलं. सुरुवातीलाच तीन नावं येतात, बाबांचं, तुझं, माझं. रोज सकाळी बाबांना हे दिसणार, म्हणून तुझं काढलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. बाबा मशीनला हात लावत नाहीत. रोज सकाळी ते मीच लावायचे आणि मग नोकरीला जायचे. ते नाव दिसणार होतं ते मला.

मशीनने विचारलं, नक्की काढायचं? मी हो केलं. मग विचारलं, या माणसाच्या फाइली ठेवायच्या का? त्या ठेवल्या. यादी उघडून बघितली, शाबूत होती. बॅकअप तुझ्या खात्यातून चालतो हे मला माहीत नव्हतं. पण शोधलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. शोधणं हेच माझं काम आहे.

बाबा म्हणाले होते, काढायचं नाही. मी काढलं.

मागच्या पत्रांत हे लिहिलं नाही, कारण मला आधी पासवर्ड हवा होता. आता तो न पाठवायला तुझ्याकडे कारण आहे. तरी पाठव. चूक माझी आहे आणि दुकान बाबांचं आहे.

— धाकटी


१३ ऑक्टोबर

दादा,

पाकीट आलं. आत चौकोनी कागद, त्यावर चौदा अक्षरं. मागेही बघितलं, काही नव्हतं. बाकी काही लिहू नकोस असं मीच म्हटलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

पहिले दोन प्रयत्न फसले. तुझा एक आणि सात शाळेपासून सारखाच दिसतो. तिसऱ्यांदा डिस्क उघडली. एक ते पाचशे एक्केचाळीस, सगळी नावं, पत्ते, टाचांची मापं. मी लगेच तीन ठिकाणी प्रती केल्या आणि त्या उघडतात का ते दुसऱ्या मशीनवर बघितलं. उघडतात.

मग खाली दुकानात गेले. बाबा कानस चालवत होते. मी सांगितलं, पाचशे एक्केचाळीस मिळाले. त्यांनी कानस ठेवली नाही.

"कुठून मिळाले?"

"दादाकडून. पासवर्ड पाठवला त्याने."

"आणखी काय लिहिलंय?"

"काही नाही."

"पाकीट बघू."

त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं, एकेक शब्द मधोमध आणत पत्ता वाचला. पाकिटाचा कडेचा भाग त्यांना दिसत नाही, म्हणून ते पाकीटच सरकवतात.

"अक्षर अजून तसंच. कोंबडीने उकरल्यासारखं."

मग मी बाकीचं सांगितलं. खातं, बॅकअप, पुढचे एकाहत्तर जोड गेले ते माझ्यामुळे. पेन्सिलीची नावं तुला मीच वाचून दाखवली, तेही. त्यांनी कानशीवरचा भुसा फुंकला.

"मी काय म्हणालो होतो तेव्हा?"

"नाव काढायचं नाही."

"मग?"

"मी मशीनमधून काढलं."

"इतकी शिकलीस आणि साधं बोलणं कळत नाही तुला."

ते थोडा वेळ घासत होते. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. मला वाटायचं, मी म्हटलं तरी एखाद दिवशी जेवताना तू काढशील नाव. मी आपला बसायचो ताटावर. तू येतेस आठला."

मी विचारलं, उरलेल्या एकाहत्तरांचं काय करायचं?

"त्यांच्या जोड्यांत आतून नंबर आहे," बाबा म्हणाले. "तो गेल्यावर मी ठोकायला लागलो. नंबरच ठेवायचे तर नीट ठेवू म्हटलं. जुन्यांत नाही, पण या सगळ्यांत असेल. अस्तर उचललं की दिसतो."

हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल, म्हणून लिहिलं.

त्या दिवशी मी साडेसातला जेवले. त्यांनी विचारलं, तिथे तू काय काम करतोस. मी म्हटलं, आत्या सांगते की कारखान्यात मशीनं सांभाळतो. ते म्हणाले, "म्हणजे घासकामच." मला वाटतं, ते विनोद करत होते.

— धाकटी


१६ नोव्हेंबर

दादा,

दुकानाच्या दारावर कागद लावला, 'गेल्या अडीच वर्षांत इथून जोडे घेतलेल्यांनी ते घालून एकदा यावं. दहा मिनिटं लागतील.' पायांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या माणसांना निरोप दिले. मी प्रयोगशाळेतून पंधरा दिवसांची रजा घेतली.

लोक आले. मी अस्तर उचलून नंबर वाचायचे, टाच मोजायचे आणि लिहून घ्यायचे. बाबा भिंतीवरून फर्मा काढून माणसाच्या हातात द्यायचे. एक निवृत्त पोस्टमन आपला लाकडी पाय उलटसुलट करून म्हणाले, "याचं नाव हरवलं होतं? मग मला घेऊन अडीच वर्षं कोण हिंडत होतं?" बाबा हसले. पोस्टमन गेल्यावर त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि नंबराच्या शेजारी त्यांचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. आता प्रत्येकावर दोन्ही असतं. तुझी पद्धत त्यांनी मोडलेली नाही.

सहासष्ट जण स्वतः आले. दोघं दुसऱ्या गावी राहायला गेलेत आणि दोघं वारले. त्या चौघांचे नंबर घरच्यांनी जोडे बघून कळवले. सत्तर झाले. बाबांनी दोन जोडे बांधायला घेतलेत. लाकडाच्या गिऱ्हाइकाबद्दल ते आता विचारत नाहीत.

बॅकअप नव्याने लावला. तो आता एका माणसाच्या नावावर अवलंबून नाही. मशीनवर कुणी बसलेलं असो वा नसो, चालतो. आणि तो झाला की मेल येते, न झाल्याची नव्हे. ज्या दिवशी मेल येणार नाही त्या दिवशी मी बघायचं. रविवारी एक फाइल मुद्दाम पुसून परत आणून बघते. तुझं खातंही तुझ्याच नावाने पुन्हा उघडलं. मशीन त्याला तोच माणूस समजत नाही. नाव तेच असलं तरी आतला आकडा नवा असतो. जुन्या फाइली एकेक करून हाताने त्याच्या नावावर कराव्या लागल्या. अकरा मिनिटं लागली.

एकाहत्तरावा जोड उरला. पाचशे अठ्ठ्याऐंशी. तो घेऊन कुणीच आलं नाही. मी दारावरच्या कागदावर तो नंबर मोठा लिहायला निघाले, तर बाबा म्हणाले, "त्याचं राहू दे."

"कुणाचा आहे?"

"त्यावर जोडा बांधलेलाच नाही. येणार कोण?"

मी फर्मा खाली काढून मोजला. डावा दोनशे चौसष्ट, उजवा दोनशे सदुसष्ट. डाव्या करंगळीला बाहेरून जागा जास्त ठेवलेली आहे, जिथे तुझा प्रत्येक बूट फाटायचा. तो तुझा आहे. तुझे जुने बूट जिन्याखाली होते, त्यांच्यावरून बाबांनी गेल्या वर्षी बेतला असणार, डोळे थोडे बरे होते तेव्हा. त्यावर पेन्सिलीने अजून काही लिहिलेलं नाही. मीही लिहिलं नाही.

चुकून एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला असेल म्हणून बाबांना त्यावर जोडा बांधायचा नाही. जुन्या बुटावरून घेतलेलं माप त्यांना पटत नाही. मला म्हणाले, "त्याला लिही, माप पाठव म्हणावं." तुझ्या नावाचा निरोप त्यांनी मला पहिल्यांदाच दिला आहे, म्हणून जसाच्या तसा लिहिला.

माप असं घ्यायचं. कडक जमिनीवर कोरा कागद ठेव. अनवाणी उभा राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन दे आणि समोर बघ. पेन्सिल उभी धरून कड काढायची, तिरकी धरली तर पाय लहान येतो. संध्याकाळी काढायचं, सकाळी पाय आखडलेला असतो. एक अडचण आहे. हे स्वतःचं स्वतः करता येत नाही. वाकलं की वजन पुढे जातं आणि माप चुकतं. दुसऱ्या कुणीतरी खाली बसून काढावं लागतं.

तसं कुणी तिथे असेल तर त्यांच्याकडून काढून घे आणि पाठव. नसेल तर इकडे ये. मी काढते.

— धाकटी